शिपाई पेन्शनीवर येतो

सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी. यांपैकी कोणत्याही जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या गावी जा. पारावर एक म्हातारा पाठीचा कणा ताठ ठेवून बसलेला दिसेल. दाढी रोजच्या रोज केलेली. कपडे जुने, पण धुतलेले. वेळ विचारली तर आधी घड्याळ बघेल आणि मग नेमकी वेळ सांगेल. गावात त्याला सगळे 'मेजर' म्हणतात.

खरे म्हणजे तो मेजर नसतो. मेजर हा फौजेतला मोठा अधिकारी. आपला हा माणूस शिपाई म्हणून भरती झाला, आणि नाईक किंवा हवालदार होऊन घरी आला. पण गावाने त्याला मानाने मेजर केले. त्यात वाईट काही नाही.

पुस्तकांत सेनापतींच्या गोष्टी असतात. मोठमोठ्या लढाया असतात. या साध्या शिपायाची गोष्ट मात्र कोणी फारशी लिहीत नाही. तो कुठून गेला, कुठे राहिला, परत आल्यावर त्याचे काय झाले, त्याच्या मागे घरच्यांचे काय झाले, हे आपण या पाठात पाहू. शेवटी घरच्या पेटीतले काही कागदही कसे वाचायचे ते पाहू. कारण शिपायाची अर्धी गोष्ट रणात असते आणि अर्धी त्या पेटीत असते.

माणसे फौजेत का गेली?

साताऱ्याच्या पूर्वेला माण आणि खटाव हे तालुके आहेत. पाऊस डोंगरापलीकडे पडून जातो. इकडे ढग येतात आणि तसेच पुढे जातात. जमीन आहे, पण पाणी नाही. घरात चार भाऊ असले तर चौघांचे पोट त्या जमिनीवर भरत नाही. कोकणात पाऊस भरपूर, पण भाताची खाचरे लहान. तिथेही तीच अडचण. मग एक भाऊ शेत बघे, एक मुंबईला गिरणीत जाई आणि एक पलटणीत जाई.

पलटणीची वाट आपल्याकडे फार जुनी आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री या पलटणीचा सगळ्यांत जुना भाग १७६८ साली मुंबईत उभा राहिला. लोक त्याला 'जंगी पलटण' म्हणतात. म्हणजे अडीचशे वर्षे होऊन गेली. या पलटणीचे मुख्य ठाणे १९२२ सालापासून बेळगावला आहे. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही तिची रणगर्जना. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजा, बाप आणि नातू असे तिघेही बेळगावच्या त्याच मैदानावर कवायत करून आलेले आहेत.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या आठवणीचा स्तंभ गावात उभा आहे. शेहेचाळीस हा आकडा लिहायला सोपा आहे. पण एका गावातली शेहेचाळीस घरे डोळ्यांपुढे आणून बघा.

परक्या मुलखातली लढाई

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. त्या वेळी राज्य इंग्रजांचे होते. शिपायाला महिना ११ रुपये पगार मिळे. त्या अकरा रुपयांवर आपली माणसे समुद्र ओलांडून गेली. काहींना आजच्या इराक देशात कूत नावाच्या गावी तुर्कांनी वेढले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा पाच महिने वेढा पडला होता. आत मराठा पलटणी होत्या. धान्य संपले, औषध संपले. शेवटी फौजेला शरण जावे लागले. पुढे कैदेत पुष्कळ माणसे मेली. त्या युद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक मरण पावले.

दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ या काळात झाले. या वेळी हिंदुस्थानी फौज २५ लाखांच्या घरात गेली. सगळे आपणहून भरती झालेले. मराठा पलटणी १९४१ साली आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर लढल्या. पुढे इटली देशात लढल्या.

इटलीत आपल्या दोन जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. शौर्यासाठी त्याहून मोठे पदक इंग्रजांच्या फौजेत नव्हते. एक होते रायगडचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे जवान पडले. ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. ठाणे जिंकले आणि तिथेच गोळी लागून मरण पावले. वय २२ वर्षे. दुसरे होते शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर गोळ्यांचा पाऊस पडत होता. त्यांनी एकामागून एक अशा दोन जखमी माणसांना पाण्यातून आणि सुरुंगांमधून उचलून नेले. मग माघारी फिरून शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागली होती, बंदूक धरता येईना, तेव्हा हातगोळे फेकले. ते जिवंत परत आले आणि १९८४ सालापर्यंत जगले.

ही दोन नावे आपल्याला माहीत आहेत, आणि ती लक्षात ठेवलीच पाहिजेत. पण त्याच नदीवर, त्याच दिवशी, त्यांच्या शेजारी कितीतरी जवान होते. त्यांना क्रॉस मिळाला नाही. ते साधी पदके छातीला लावून घरी आले. युद्ध संपल्यावर १९४५ ते १९४७ या काळात फौज कमी केली गेली. माणसांना रेल्वेचे तिकीट देऊन घरी पाठवले. नोकरी झाली होती चार-पाच वर्षांची. एवढ्या नोकरीला पेन्शन बसत नाही. त्यामुळे ज्याने सगळे युद्ध पाहिले त्याच्या हाती पदके आली, पण महिन्याची पेन्शन आली नाही. त्यातली बरीच माणसे परत नांगराला लागली. पदके देवघरात नाहीतर पेटीच्या तळाशी गेली.

पलटणीतले दिवस

देश १९४७ साली स्वतंत्र झाला. फौज आपली झाली. पुढे १९६२ साली चीनशी युद्ध झाले. १९६५ आणि १९७१ साली पाकिस्तानशी झाले. १९९९ साली कारगिलला झाले. आज गावात जे मेजर आपल्याला दिसतात, ते या काळातले.

लोकांना वाटते, फौजी म्हणजे रोज लढाई. तसे नसते. शिपायाच्या नोकरीत लढाईचे दिवस थोडे आणि पहाऱ्याचे दिवस फार. सकाळी उठून पी.टी., मग कवायत, मग हत्यार साफ करणे. रात्री दोन-दोन तास पहारा. दोन-तीन वर्षे राजस्थानच्या वाळूत, मग काश्मीरच्या बर्फात, मग आसामच्या जंगलात. सियाचीनवर १९८४ सालापासून आपले ठाणे आहे. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीनेच माणसे जास्त दगावली. बर्फात बोटे गेलेले जवान आपल्याकडेही आहेत.

आणि या सगळ्यात घर लांब. जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. त्याचा नंबर, नाव, पलटण आणि खाली 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' किंवा 'मार्फत ९९ ए.पी.ओ.' एवढेच असते. तो बर्फात असो की वाळूत असो, पत्ता तोच. घरच्यांना कळत नसे की आपला माणूस नेमका आहे तरी कुठे.

आम्ही १९८० च्या सुमारास शिक्षक झालो. तेव्हा खेड्यात फोन नव्हते. मनिऑर्डर येई आणि पत्र येई. 'तीर्थरूप आईआबांना साष्टांग नमस्कार' अशी सुरुवात असे. पोस्टमन पत्र टाकून जाई आणि म्हातारी ते घेऊन शाळेत येई. आम्ही मोठ्याने वाचत असू. सासू पुढे बसे, सून दाराआड उभी राही. पत्रात तिच्यासाठी एकच ओळ असे, 'मुलांना जपणे.' नवऱ्याला दुसरे काही लिहायचे नव्हते असे नाही. पण वाचणार कोण, तर गुरुजी. ऐकणार कोण, तर सगळे घर. मग मनातले लिहायचे कसे? उत्तरातही तसेच. ती सांगे, "सगळं बरं हाय म्हणून लिवा." आम्ही तेच लिहून देत असू. जी बाई पुढे रात्रीच्या वर्गात येऊन लिहायला शिकली, तिने पहिले पत्र आम्हाला दाखवले नाही. आम्हाला त्याचा आनंद झाला.

घरी आला, पण वय किती?

शेतकऱ्याला निवृत्ती नसते. सरकारी कारकून ५८ किंवा ६० वर्षांचा होऊन घरी बसतो. शिपायाचे तसे नाही. त्याला १५ वर्षे नोकरी झाली की पेन्शन बसते. साधा शिपाई पस्तीस ते चाळिशीच्या घरात सुटून येतो. त्या वेळी थोरली पोर शाळेत असते. बहिणीचे लग्न राहिलेले असते. घर अर्धे बांधलेले असते. आणि शेताची वाटणी भावांनी आपापल्या मनाने केलेली असते.

ज्या माणसाने पंधरा-सतरा वर्षे शिटीवर उठायचे, शिटीवर जेवायचे, हुकमाप्रमाणे चालायचे, त्याला गावात वेगळेच दिसते. कोणी वेळेवर येत नाही. कोणी रांगेत उभे राहत नाही. तो रागावतो. लोक म्हणतात, "मेजर तापट हाय." घरात मुले त्याला बिचकतात, कारण त्यांनी बाप पाहिला तो वर्षातले दोन महिने, सुट्टीवर आलेला. त्याला मुलांची ओळख नाही आणि मुलांना त्याची नाही. काही जण या काळात दारूच्या वाटेला लागतात. काहींना रात्री झोप येत नाही. हे दुखणे आहे, खोड नव्हे. घरच्यांनी हसू नये आणि लपवूही नये. माजी सैनिकांसाठी सरकारने १ एप्रिल २००३ पासून ई.सी.एच.एस. नावाची दवाखान्याची योजना केली आहे. तिच्या दवाखान्यात न्यावे.

बहुतेक जण दुसरी नोकरी शोधतात. कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. कोणी कारखान्यात पहारेकरी होतो. सरकारी नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. ज्याने फौजेत असताना शिक्षण पुरे केले, त्याला त्या जागा मिळतात. ज्याने केले नाही, तो बाहेरच उभा राहतो.

बंदूक ठेवली, लेखणी उचलली

पेन्शनीवर आलेल्या शिपायांनी महाराष्ट्राला काय दिले, याची एक जुनी गोष्ट सांगतो.

कोकणात दापोली हे गाव आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकी एक. फौजेत हवालदार होते. महार जातीत जन्मले म्हणून गावात त्यांना अस्पृश्य मानत. पण फौजेत राहून ते शिकले होते. घरी आल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहायला घेतले. १८८८ साली त्यांचे 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक निघाले. पुढे इंग्रजांनी महारांची फौजेतली भरती बंद केली. तेव्हा या पेन्शनर हवालदाराने १८९४ साली सरकारला अर्ज लिहिला. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या पलटणीत चाकरी केली, मग आता दार का बंद करता, असे विचारले. तो अर्ज त्या वेळी यशस्वी झाला नाही. पण मागणी मेली नाही. १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, १९२१ साली मोडली गेली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे. तिचे ठाणे मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

त्याच काळातले दुसरे पेन्शनर म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ. ते महू येथील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. फौजेत त्या काळी जवानांना आणि त्यांच्या मुलांना शिकवत असत. रामजींना शिक्षणाची गोडी तिथेच लागली. पेन्शन घेऊन ते आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. पेन्शनीच्या पैशांत घर चालवणे कठीण होते. तरी धाकट्या मुलाची पुस्तके त्यांनी कमी पडू दिली नाहीत. तो धाकटा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

शिपाई घरी काय घेऊन येतो? लोकांना वाटते, काळी ट्रंक, रमची बाटली आणि कँटीनचा साबण. तेवढेच नाही. शिस्त येते, स्वच्छता येते, बाहेरचे जग येते. ज्याच्या बरोबर अक्षर येते, तो गावाला पुढे नेतो.

पेटीतले कागद

आता त्या काळ्या ट्रंकेकडे वळू. तिच्यात कागदांची एक पिशवी असते. घरातले लोक तिला हात लावत नाहीत. "ते सरकारी हाय, राहू द्या," असे म्हणतात. आम्ही म्हणतो, ती पिशवी उघडा. आता तुम्हाला वाचता येते.

पहिला कागद म्हणजे डिस्चार्ज बुक. फौजेतून सुटताना हे पुस्तक मिळते. त्यात जवानाचा नंबर, हुद्दा, भरतीची तारीख, सुटण्याची तारीख, सुटण्याचे कारण आणि घरच्यांची नावे असतात. यातला नंबर सगळ्यांत मोलाचा. पलटणीत एका नावाचे दहा जण असतात, पण नंबर एकाचा एकच. फौजेच्या कचेरीला कुठलेही पत्र लिहायचे तर तो नंबर आधी लिहावा लागतो. नंबर घरातल्या प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावा.

दुसरा कागद म्हणजे पी.पी.ओ., म्हणजे पेन्शन देण्याचा हुकूम. त्यावर पेन्शन किती, कधीपासून, आणि मागे बायकोला किती, हे लिहिलेले असते. पूर्वी पेन्शन ट्रेझरीत नाहीतर पोस्टात जाऊन घ्यावी लागे. नंतर ती बँकेतून मिळू लागली. आता 'स्पर्श' नावाच्या संगणकाच्या व्यवस्थेतून ती थेट खात्यात जमा होते. पेन्शनरने दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दाखला चुकला की पेन्शन थांबते. पुष्कळ म्हातारे मग म्हणतात, सरकारने पेन्शन बंद केली. सरकारने बंद केलेली नसते. माणूस हयात आहे हे कागदावर आलेले नसते.

तिसरा कागद म्हणजे माजी सैनिकाचे ओळखपत्र. हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळते. हे कार्यालय जिल्ह्याच्या गावी असते. पेन्शन अडली, मुलांना शिष्यवृत्ती हवी, कशाचीही अडचण आली, तर आधी तिथे जावे. सल्ल्याला पैसे पडत नाहीत. ज्यांना पेन्शन नाही अशा शिपाई ते हवालदार हुद्द्याच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना, वय ६५ च्या पुढे असेल आणि घरची परिस्थिती गरिबीची असेल तर, मदत देण्याची योजना आहे. अर्ज याच कार्यालयात करायचा असतो.

आणि दुखापतीचे कागद. नोकरीत असताना गुडघा गेला, कान गेला, बोटे गेली, तर त्याची नोंद फौजेच्या दवाखान्यात झालेली असावी लागते. नोंद असेल तर अपंगत्वाची पेन्शन मागता येते. पुष्कळ जवान दुखणे अंगावर काढतात. "एवढ्यानं काय होतं," म्हणतात. वीस वर्षांनी चालता येईनासे होते, तेव्हा दाखवायला कागद नसतो. ज्यांची मुले आज फौजेत आहेत, त्यांनी ही गोष्ट मुलांना पत्रात जरूर लिहावी.

एका बाईची दोन नावे

आता सगळ्यांत मोठी अडचण सांगतो. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. आडनाव तर बदलतेच. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते. रेशनकार्डावर सासरचे असते. घाईत असलेल्या जवानाने पलटणीच्या कारकुनाला यांपैकी एक नाव सांगितलेले असते. कारकून कोणी पंजाबचा असतो, कोणी केरळचा. तो ऐकू येईल तसे इंग्रजीत लिहितो.

नवरा जिवंत आहे तोवर कोणाचे काही अडत नाही. तो गेला की अडते.

एका गावी आम्ही हे जवळून पाहिले. हवालदार वारले. बायको कुटुंब-पेन्शन मागायला गेली. कागदावर नाव तिच्या माहेरचे. तिच्या हातातल्या आधारकार्डावर नाव सासरचे. साहेब म्हणाले, ही बाई कागदावरची बाई नव्हे. पंचवीस वर्षे संसार केलेली बाई आमच्यापुढे बसून म्हणाली, "नाव बदललं म्हणून मी बदलले व्हय, गुरुजी?" दोन्ही नावे एकाच बाईची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे लागले. गावचा दाखला, लग्नाचा पुरावा, शाळेचा दाखला गोळा करावा लागला. दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात तिने दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली. पैसे तिचे होते, पण तिच्यापर्यंत आले नाहीत.

जन्मतारखेचेही तसेच. जुन्या काळी शाळेत पोराची खरी तारीख कोणाला माहीत नसे. मग मास्तर '१ जून' लिहून मोकळे होत. म्हणून आपल्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. त्यात हसण्यासारखे आहे खरे. पण एका कागदावर १ जून आणि दुसऱ्यावर भलतीच तारीख असली, तर हसू थांबते.

म्हणून नवरा हयात असताना दोघांनी मिळून एक काम करावे. डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., आधारकार्ड, बँकेचे पुस्तक, हे चार कागद शेजारी शेजारी ठेवावे. चारही ठिकाणी बायकोचे नाव अक्षरन्‌अक्षर सारखे आहे का ते बघावे. मुलांची नावे आणि जन्मतारखा बघाव्या. फरक दिसला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज करावा. ते तो अर्ज पुढे पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायला मदत करतात. पेन्शनर स्वतः सही करायला असतो तेव्हा हे काम बरेच सोपे जाते.

तो गेल्यावर

मरणाचे नाव काढू नये म्हणतात. पण घर सांभाळायचे तर काढावे लागते.

माणूस वारला की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करावी. या मुदतीत नोंदीला पैसे पडत नाहीत. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्याव्या. मग पेन्शन देणाऱ्या कचेरीला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवावे. कुटुंब-पेन्शनीचा अर्ज तिथेच भरून घेता येतो.

काही घरांत दुःखात कोणी कळवत नाही. खात्यात पेन्शन येत राहते. पोरे कार्डाने पैसे काढत राहतात. पण तो पैसा आपला नसतो. सरकारला कळले की ते पैसे परत मागतात आणि विधवेच्या पेन्शनीतून कापून घेतात. चार महिन्यांची सोय बघावी आणि चार वर्षे कापणी सोसावी, असे होते.

आणखी एक जपावे. आजकाल फोन येतो. "मी पेन्शन ऑफिसमधून बोलतोय, तुमच्या मोबाइलवर आलेला आकडा सांगा, नाहीतर पेन्शन बंद होईल." कोणतीही सरकारी कचेरी असा आकडा फोनवर मागत नाही. आकडा सांगू नये. फोन ठेवून द्यावा.

आताची पोरे

आता भरतीची रीत बदलली आहे. २०२२ सालापासून अग्निपथ योजना आली. त्यात भरती होणाऱ्या मुलाला 'अग्निवीर' म्हणतात. त्याची नोकरी चार वर्षांची. चार वर्षांनी जास्तीत जास्त शंभरातल्या पंचवीस जणांना पुढे कायम घेण्याची तरतूद आहे. बाकीच्यांना एकरकमी पैसे मिळतात, पेन्शन मिळत नाही. म्हणजे पूर्वी शिपाई चाळिशीच्या आत घरी येई, आता काही मुले पंचविशीच्या आत घरी येतील.

तेव्हा मुलाला भरतीला पाठवताना त्याचे पळणे आणि छाती मोजता, तसे त्याचे शिक्षणही मोजा. चार वर्षांत त्याने पुढची परीक्षा द्यावी, काही कसब शिकावे. आणि परत येईल तेव्हा त्याची पिशवी घरातल्या बाईला वाचता यावी.

फौजी म्हातारा झाला की लोक त्याला ध्वजदिनाला बोलावतात. १९४९ सालापासून ७ डिसेंबर हा दिवस आपण पाळतो. १५ ऑगस्टला त्याला पुढे बसवतात, हार घालतात. हे चांगलेच आहे. पण हार दुसऱ्या दिवशी सुकतो. त्याने सीमेवर आपल्यासाठी रात्री जागून काढल्या. आपण त्याच्यासाठी एक संध्याकाळ बसून त्याचे कागद वाचून द्यावे. ज्याला स्वतःला वाचता येते त्याने स्वतः वाचावे. तुमच्या घरात कोणी मेजर नसेल, तर शेजारी असेल. त्या शेजारणीला विचारा, "काकू, पेन्शनीच्या कागदावर तुमचं नाव नीट आहे ना?" एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.